न रुळलेली मोटर

जर्मन लढाई संपून चार-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा नारायणगावच्या रूपचंदशेटनी मोटर घेतली. पेठेत कापडाचं दुकान, घरची माणसं भरपूर, आणि शेटना यंत्राचा भारी सोस. मोटर हाकायला त्यांनी बाहेरचा माणूस शोधला नाही. आपला टांगेवाला गेणभाऊ यालाच त्यांनी पुण्याला धाडलं.

गेणभाऊ मूळचा पिंपरी पेंढारचा. घरची जमीन थोरला भाऊ सयाजी बघायचा आणि गेणू लहानपणापासून घोड्यांच्या मागं. नारायणगाव ते जुन्नर टांगा हाकण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. माणूस कमी बोलणारा, अंगानं वाळका. पण बुजऱ्या शिंगराला कधी चाबूक न लावता त्यानं वाटेला लावलं होतं. पुण्याला गाड्या विकणाऱ्या कंपनीत फ्रामजी नावाचा पारशी मिस्त्री होता. त्यानं गेणूला महिनाभर शिकवलं आणि निघताना बजावलं.

"हे बघ, नवा इंजिन आवळ असते. आतला लोखंड एकमेकाला ओळखत नाय. पयले पाचशे मैल हळू चालव. घाट चढला की उभी कर, थंड होऊ दे. तेल बदल. पळवली तर आतच चिकटून बसेल, मग माझ्याकडे रडत यायचं नाय."

गेणूला हे नवीन नव्हतं. शिंगराला पहिल्या दिवशी कोण पळवतं? पण शेटनी मात्र ते शब्द मंत्रासारखे धरले. ते स्वतः शेजारी बसायचे, कानात प्राण आणून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि गेणूचा हात जरा पुढं सरकला की म्हणायचे, "गेणू, बेतानं."

मग काय, सगळ्या तालुक्यात हसू झालं. एवढी चकचकीत मोटर, आणि सायकलवाला घंटी वाजवत पुढं निघून जायचा. बाजाराच्या दिवशी सयाजी बैलगाडी घेऊन आला होता. त्यानं मुद्दाम बैलांना डिवचलं आणि मोटारीच्या बरोबरीनं गाडी पळवली.

"काय रं गेणू, गाभण हाय का काय तुझी मोटर?"

बाजारातली माणसं पोट धरून हसली. शेटही हसले. गेणू लाजला, पण त्यालाही भावाचं कौतुकच वाटलं. सयाजी म्हणजे दांडगा गडी, जत्रेत कुस्त्या मारलेला, घसा फोडून हसणारा. त्याला अंतर्गळ आहे, हे मात्र घरात फक्त त्याची बायको धोंडाबाई जाणत होती. जांघेत गाठ यायची, तो आडवा पडून ती हातानं आत सारायचा आणि वर लंगोट कसून पुन्हा नांगर धरायचा. कुणाला सांगायची चोरी. पैलवानाला असलं दुखणं सांगायची लाज वाटायची.

माघातल्या एका सकाळी पिंपरी पेंढारची बैलगाडी शेटच्या दारात येऊन थांबली. गाडीत गवतावर सयाजी गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. तोंड राखेसारखं. रात्रीपासून गाठ आत जात नव्हती. गावात शेकून झालं होतं, चोळून झालं होतं. उलट्या थांबत नव्हत्या. धोंडाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"भावजी, काय तरी करा," एवढंच ती म्हणाली.

गावातल्या डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "आतडं अडकलंय. कापून सोडवावं लागेल. इथं होत नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि आजच न्या. उशीर झाला तर आतडं सडतं."

गेणू शेटच्या पुढ्यात उभा राहिला. त्याला तोंडानं मागवेना. मोटर दारातच उभी होती. पाचशे मैलांतले निम्मेही झाले नव्हते. शेटनी एकदा मोटारीकडं पाहिलं, एकदा गाडीतल्या सयाजीकडं. आतून त्यांची बायको कस्तुरबाई गादी आणि उशी घेऊन बाहेर आली आणि काही न विचारता मागच्या बाकावर अंथरू लागली.

"ने," शेट म्हणाले. "लगेच ने." आणि मग सवयीनं, स्वतःलाही न कळता, "पण गेणू, बेतानं."

मोटर निघाली. सकाळचं ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा होता. गेणूनं फ्रामजीनं सांगितलेला वेग धरला. त्याचा हिशेब साधा होता: सावकाश गेलं तरी दिवस कलायच्या आधी पुणं येतं, बैलगाडीनं तर दुसरा दिवस उजाडला असता. कळंबला घोडनदी ओलांडली तोवर सयाजी दात आवळून गप्प होता. मग खड्डा आला, मोटर आदळली आणि सयाजी ओरडला. गेणूनं तसला आवाज भावाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"बेतानं जातोय, दादा. जरा कळ काढ."

"बेतानं कशाला?" सयाजी मागून धापत म्हणाला. "हिच्यापरीस माझं बैल बरं. पळीव की!"

"नवी हाय, दादा. तापंल."

"तिला तापू दे. मी मरतोय हितं."

मंचर आलं. मंचरच्या वेशीत गेणूनं टाकीत पाणी भरलं. एवढ्यात धोंडाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दिराच्या अंगाला तिनं जन्मात कधी हात लावला नव्हता. मागं पाहा, अशी तिनं मान हलवली. सयाजीचे डोळे फिरल्यासारखे दिसत होते, ओठांवर हिरवट फेस होता.

गेणू जागेवर बसला आणि त्यानं हातातल्या चाकाखालची वेगाची दांडी पार ओढली.

मोटर उसळली. धुळीचा लोट मागं पडला. अवसरीचा घाट तिनं एका दमात चढायला घेतला. वळणावर गाडीवान बैलांना कडेला ओढत शिव्या देत होते. गेणूला इंजिनाचा आवाज कळत होता. त्यात एक कोरडा सूर मिसळला होता, घोड्याला ऊर फुटेस्तोवर पळवल्यावर त्याच्या श्वासाला येतो तसा. घाटमाथा आला. इथं थांबायचं, थंड होऊ द्यायची, हे त्याला तोंडपाठ होतं. हात दांडीवर गेलाही. तेवढ्यात मागून सयाजीचा आवाज आला, क्षीण, पण त्यात हसू होतं.

"आत्ता गं बाई! आत्ता पळाली बघ माझ्या भावाची मोटर."

गेणू थांबला नाही.

पेठ गाव मागं पडलं आणि पुढच्या उघड्या माळावर इंजिन बसलं. मोठा आवाज काही झाला नाही. जळक्या तेलाचा वास आला, लोखंड कण्हल्यासारखं झालं, मोटारीला जागच्या जागी गचका बसला आणि सगळं शांत झालं. झाकणाखालून वाफ निघत होती. गेणूनं हँडल घातलं, सगळं अंग टाकून फिरवायला बघितलं. हँडल भिंतीत रोवल्यासारखं, तसूभर हलेना. पाणी ओतावं तर तापल्या लोखंडाला तडा जाईल. निवण्याची वाट पाहायची, याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. टांगा असता तर घोड्याला पाणी पाजलं असतं, मानेवर थोपटलं असतं, काहीतरी केलं असतं. इथं तो झाकणाशी हात घेऊन उभा राहिला आणि हात कशावर ठेवावा ते त्याला कळेना.

माळावर झाड नव्हतं. धोंडाबाईनं पदराची सावली धरली. बऱ्याच वेळानं सयाजीनं डोळे उघडले. "गेणू," तो म्हणाला, "कळ थांबली बघ. लई बरं वाटतंय."

धोंडाबाईला रडू फुटलं. तिनं खंडोबाला हात जोडले. गेणूच्याही जिवात जीव आला. त्यानं भावाला दोन घोट पाणी पाजलं. सयाजी पिकांचं बोलला, हरभऱ्याला घाटे कसे धरलेत ते बोलला. कळ का थांबली, हे त्या तिघांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

इंजिन निवलं तरी हँडल हललं नाही. शेवटी खेडला गूळ घेऊन निघालेला एक गाडीवान आला. हौशीराम त्याचं नाव. त्यानं ढेपा रस्त्याच्या कडेला उतरवल्या आणि जागा केली. गादीसकट सयाजीला गाडीत घेतलं. खेडचा घाट उतरेपर्यंत त्याचे हातपाय गार पडले. दिवेलागणीला ते खेडच्या सरकारी दवाखान्यात पोचले. तिथल्या डॉक्टरनं नाडी पाहिली, पापणी उचलून पाहिली आणि धोंडाबाईकडं न पाहता गेणूला विचारलं, "कळ कधी थांबली?"

"दुपारी. पेठच्या माळावर."

"तेव्हाच आतडं फुटलं," डॉक्टर म्हणाले.

सयाजी थोड्या वेळानं गेला. दुसऱ्या दिवशी हौशीरामच्याच गाडीतून त्याला परत आणलं. वाटेत पेठच्या माळावर मोटर तशीच उभी होती. गुळाच्या ढेपाही तशाच होत्या. कुणीतरी त्यांच्यावर पोतं टाकून वर दगड ठेवले होते. गाडी मोटारीच्या बाजूनं गेली. धोंडाबाईनं तिकडं पाहिलं नाही. गेणूनं पाहिलं.

दहावं झाल्यावर शेटनी दोन बैलजोड्या लावून मोटर पुण्याला न्यायचं ठरवलं. बरोबर गेणूच गेला. रस्त्यानं माणसं थांबून बघायची, पण या खेपेला कुणी हसलं नाही. फ्रामजीनं इंजिन खोललं. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता, दोन्हीवर खोल ओरखडे होते.

"मिस्त्री," गेणूनं विचारलं, "हळू नेली असती तर पोचली असती?"

"मोटर पोचली असती." फ्रामजी हात पुसत म्हणाला.

"आन् भाऊ?"

"ते मला काय ठाऊक, बाबा."

गेणू मोठ्या दवाखान्याच्या फाटकापर्यंतही जाऊन आला. आत कुणाला विचारावं आणि काय म्हणून विचारावं, हे न सुचल्यानं तो तसाच परतला.

शेट त्याला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. उलट एके दिवशी दुकान बंद करता करता तेच म्हणाले, "गेणू, मी त्या दिवशी 'बेतानं' म्हणालो. म्हणायला नको होतं. तू पहिल्यापासून पळवली असतीस."

"पयल्यापासून पळवली असती, शेट, तर मंचरच्या अलीकडंच बसली असती."

"मग घाटमाथ्यावर थांबला असतास तर?"

शेटच्या तोंडून प्रश्न निसटला होता. मग त्यांनीच घाईघाईनं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुरुस्त होऊन मोटर आली. नवे पिस्टन, म्हणजे पुन्हा पहिले पाचशे मैल. गेणू ती जुन्नरपर्यंत सावकाश नेई, सावकाश आणी. पाचशे मैल सरले त्या दिवशी शेट म्हणाले, "आता हवी तशी पळव." त्यानं पळवली. पुढं शेटनी आणखी गाड्या घेतल्या, उतारूंची ने-आण सुरू केली आणि गेणभाऊनं त्या कितीतरी वर्षं हाकल्या. चांगला हाकायचा, असंच सगळे सांगतात.

पण हे नंतरचं. त्या वर्षी चैत्रात तो पिंपरी पेंढारला गेला, तेव्हा धोंडाबाई खळ्यावर उंच तिवईवर उभी राहून हरभरा उफणत होती. त्यानं सूप हातात घेतलं आणि भरून तिला देऊ लागला. बराच वेळ दोघं कामात होती. मग ती तिवईवरूनच म्हणाली, "भावजी, एक इचारू? मी तुमच्या खांद्याला हात लावला नसता तर?"

इतके दिवस ती हे मनात घेऊन बसली होती, हे गेणूला तेव्हा कळलं. न्हाई वैनी, तुमचा काय दोष, असं काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण खरं काय ते त्याला माहीत नव्हतं, आणि खोटं तिच्यापुढं बोलवेना.

"मला ठावं न्हाई, वैनी."

"मला बी न्हाई," ती म्हणाली.

वारा पडला होता. सुपातला हरभरा तसाच धरून ती वाऱ्याची वाट बघत उभी राहिली, आणि खाली गेणूही.