हातावरचा भरोसा

सातवीतून शाळा सोडून वरणगावला नोकरीसाठी आलो, तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. नदीकाठी एक म्हातारा कुणा शिकारी साहेबाच्या तरुण लॅब्राडॉर कुत्र्याला हाताच्या खुणेवर डावीकडे-उजवीकडे धावायला शिकवायचा. मी रोज रामराम करायचो. तो हात उचलायचा नाही. आपलं काय चुकलं, म्हणून मी झुरायचो.

एकदा तोच म्हणाला, "भाऊ, हात हालला का हे कुत्रं तिकडे पयतं. तठी काही सापडलं नाही, त उद्या हे माह्या हातावर भरोसा कसा ठेवीन?"

मग त्यानं डावा हात लांब केला. कुत्रं थेट बाभळीमागे गेलं आणि लपवलेली चिंध्यांची गुंडाळी तोंडात धरून आलं. म्हाताऱ्याची मान ताठ झाली. त्यानं कुत्र्याला साखळी घातली, मगच दोन्ही हात जोडले.

"रामराम, भाऊ!"

त्या परक्या गावात त्या दिवशी मीही ताठ मानेनं चाललो.