निळ्या पाण्यात न बुडवलेली चाळणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी जळगावच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. मूळची धरणगावची. आमच्याकडे समुद्र बघायचा तो भूगोलाच्या नकाशात. तरी हौसेने समुद्राकाठच्या एका संस्थेत शिकायला गेले आणि विषय घेतला फोरॅमिनिफेरा. नाव मोठं, जीव एवढासा. एकाच पेशीचा प्राणी. वाळूच्या कणाएवढं कवच करतो आणि त्यात राहतो. प्रत्येक जातीची जागा ठरलेली असते — खाडीच्या मचूळ पाण्यातली जात खोल समुद्रात रमत नाही आणि खोलातली खाडीत जगत नाही. म्हणून तर चिमूटभर चिखलातली कवचं बघून सांगता येतं, हा चिखल कुठल्या पाण्याखालचा. मला याचं फार वेड होतं. खरं सांगू? अजूनही आहे.

तिथे रंजना होती. धुळ्याजवळच्या खेड्यातली, माझ्याच खोलीत राहायची. आम्ही दोघीच खान्देशातल्या, त्यामुळे दार लावलं की आमची अहिराणी सुरू. तिच्याकडे खाडीचा चिखल, माझ्याकडे खोल समुद्राचा. तिचा हात असा, की ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलताना तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. मी धांदरट. ती मला हसायची — "तू नको धरू, फोडी टाकशी." आणि माझं कामही तीच करून द्यायची.

बारीक जाळीची चाळणी आमच्यात एकच होती. तिच्यात चिखल धुवायचा, गाळ वाहून जातो, कवचं राहतात. काम झालं की चाळणी घासायची, आणि मग निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. हे शेवटचं महत्त्वाचं. जाळीत आधीचं एखादं कवच अडकलंच असेल तर ते निळं होतं. पुढच्या चिखलात निळं कवच दिसलं की समजायचं, हे आपलं नाही. एवढी साधी गोष्ट.

आता येते त्या दिवसावर. यायलाच हवं, नाही का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी जायचं होतं. आमच्याकडे आखाजीला मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. दिवाळी चुकली तर चालेल, आखाजी नाही. आदल्या दिवशी रंजनाने माझ्या दोन्ही हातांवर मेंदी काढली होती. स्वतःच्या हातांवर नाही — काम संपलं की गावी गेल्यावर काढेन म्हणाली. सकाळी मेंदी अशी लालभडक रंगली होती, की मी सारखे हात बघत होते. माझा चिखल चाळून झाला. चाळणी नळाखाली बोटांच्या टोकांनी धरली, वरवर पाणी घातलं. निळ्या पाण्याचं भांडं समोरच होतं. त्यात हात घातला तर बोटं काळीनिळी होणार — आणि मेंदी? आईला, मामीला, झोक्यावरच्या मैत्रिणींना दाखवायची होती ती मेंदी.

मी चाळणी तशीच रंजनाच्या हातात दिली. तिने तिच्यात तिचा चिखल चाळला, आणि आम्ही गाडी पकडली. चाळीसगावला ती धुळ्याच्या गाडीसाठी उतरली. खिडकीशी येऊन म्हणाली, "मेंदी संभाळ बरं."

पुढे पावसाळ्यात तिला तिच्या खाडीच्या चिखलात खोल समुद्रातली कवचं सापडली. निळी नव्हती, स्वच्छ पांढरी. ती किती आनंदली होती! खोलातलं पाणी खाडीपर्यंत कसं येत असेल, कुठला प्रवाह ही कवचं ओढून आणत असेल — जेवतानाही तेच बोलायची. मला पाहताक्षणीच कळलं होतं. ती माझी कवचं होती. मी भात कालवत राहिले.

मग तिने ते संस्थेत सगळ्यांसमोर मांडलं. बाहेरून आलेल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, आधी त्या चाळणीत कुणाचा चिखल होता? माझा होता. आम्हा दोघींचे मार्गदर्शक सर माझ्याकडे वळले. चाळणी निळ्या पाण्यात बुडवली होती का?

"हो, सर," मी म्हणाले.

एवढंच. मला कुणी धमकावलं नव्हतं, माझी फेलोशिपही जाणार नव्हती. फार तर चार शिव्या बसल्या असत्या. आणि रंजनाने माझ्यावर विश्वास ठेवला. ती संशयाने बघेल, भांडेल, असं वाटलं होतं. पण तिने स्वतःवरच संशय घेतला — आपणच बाटल्यांची अदलाबदल केली असणार, आपणच कुंचला पुसला नसणार. सर म्हणाले, असले हात इथे उपयोगाचे नाहीत. दिवाळीला ती घरी गेली, ती परत आली नाही.

तिचं लग्न होऊन ती जळगावातच आली, पिंप्राळ्याला. म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकी जवळ. आमचं येणंजाणं होतं. ती गॅसचं बटण बंद करायची, पुन्हा बघायची, मग मुलीला बघायला लावायची. कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची. घरातले तिची थट्टा करायचे, तीही हसायची. मीही हसायचे. आणि कॉलेजात पोरांना बजावायचे — चाळणी निळ्या पाण्यात बुडवल्याशिवाय पुढच्याला द्यायची नाही.

गेल्या आखाजीला तिच्याकडे गेले. ती बरेच महिने आजारी होती, आजार अंगात भिनला होता, पण त्या दिवशी ती उठून बसली होती. मुलीकडून मेंदीचा कोन मागवला आणि माझा हात ओढून मांडीवर घेतला. म्हणाली, "बिघडी तं राग नको धरू. मन्हा हातले वळण नही, तुले माहीतच शे."

मला माहीत होतं. सांगायला तेवढीच वेळ होती, आणि तिचं डोकं माझ्या तळहातावर वाकलेलं होतं, तिला माझ्याकडे बघावंही लागलं नसतं. मी दुसरा हातही पुढे केला. तिने दोन्ही हात भरले, सावकाश. एक रेघ हलली नाही.

पावसाळा सरता सरता ती गेली. तिच्या अंत्यदर्शनाला मी हात जोडून उभी होते, आणि माझ्या नखांच्या टोकांवर तिची मेंदी अजून होती.