दोघांत जास्त हाल कुणाचे?

“सांगा सर, दोघांत जास्त हाल कुणाचे?”

आमच्या बाईंनी डबा उघडायच्या आधी हे विचारलं, की माझी भूकच मरायची.

तेलगावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी गणित. दोघांपैकी एक अल्बट्रॉस, दक्षिणेकडच्या समुद्रावरचा भलामोठा पक्षी. दुसरं दक्षिण सह्याद्रीतलं सिंहपुच्छ माकड. दोन्ही संपत चाललेली.

“पक्षी जमिनीवर उतरतो तो पिल्लासाठी. माकडाला उतरायचंच नसतं, त्याला फांदीला लागून फांदी पाहिजे. एक मासेमारीच्या गळाला अडकून मरतो, दुसरं रस्त्यावर चिरडलं जातं. आता सांगा.”

“बाई, बीडला ना समुद्र, ना तसलं जंगल. भाजी गार व्हायली.”

तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. त्यांना उत्तर नको असतं, तुमचं जेवण हवं असतं.

मग रस्ता रुंद झाला आणि शाळेसमोरचे वड गेले. वानरं खाली उतरून रस्ता ओलांडू लागली. एका सकाळी एक मादी ट्रकखाली गेली. पिल्लू तिच्या पोटाला तसंच चिकटलेलं, जिवंत. बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. कळपातली दुसरी मादी येऊन पिल्लू उचलून नेईपर्यंत त्या वाहनं अडवून रस्त्यात उभ्या राहिल्या.

“सरका की बाई! वानरं काय कमी हायत का?” एक ड्रायव्हर ओरडला.

“कमी झाल्यावरच थांबणार का बे?”

बाईंच्या तोंडून ‘बे’ मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दिवसापासून रोज शाळा भरायच्या आधी वानरं पार होईपर्यंत बाई हात वर करून रस्त्यात. सोबत मी, ओढून आणलेला. प्रार्थना चुकायची, मुख्याध्यापकांची बोलणी मला बसायची.

“वानरं काही संपत नाहीत, बाई,” मी एकदा वैतागून म्हणालो.

“अल्बट्रॉस पण लई होते, सर.”

ऐन ऊस गाळपाच्या दिवसांत बाई गेल्या. झोपेतच हृदय बंद पडलं. खरं सांगतो, रस्त्यात उभं राहण्यातून सुटलो, असंही मनात आलं.

पुढच्याच आठवड्यात उसाचा एक ट्रॅक्टर शाळेसमोर आपणहून थांबला. रस्त्यावर एकही वानर नव्हतं. ड्रायव्हरनं इकडंतिकडं पाहिलं.

“बाई न्हाईत का आज?”

“गेल्या,” मी म्हणालो.

त्यानं इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिला. मागं हॉर्नचा गोंगाट सुरू झाला, तेव्हा मी त्या सगळ्यांवर असा ओरडलो, की मुलं वर्गातून बाहेर आली.