कुंकवाखालची तारीख
माझं अक्षर वाईट आणि शाळा चौथीपर्यंतची, चुका होतील. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. ओल्या कुंकवाचा वास आला की मला गोदी आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मोंबासाला नोकरी करणारे आमचे यजमान तिथेच अंथरुणाला खिळले होते, म्हणून मी धाकट्या लेकीला घेऊन बोटीने निघाले. दसऱ्याला सासूबाईंनी तिचा पासपोर्ट पाटीशेजारी पूजेला मांडला होता आणि उघड्या पानावर, नेमकं तारखेवर, कुंकवाचं बोट टेकवलं होतं. गोदीतल्या साहेबाने ते अंगठ्याने पुसलं. “बाई, बोट पोचायच्या आत हिच्या पासपोर्टची मुदत संपते. पोरीला उतरू देणार नाहीत.” “साहेब, तिचे वडील वाट बघतायत हो.” “मग तुम्ही एकट्या जा.” लेकीने माझा पदर धरला, “आये, बाबा बोटीत आहेत काय गो?” मी ट्रंक खाली ठेवली. बोट गेली, तिकीटही वाया गेलं. दुसऱ्या दिवशी चळवळीचा बंद, कचेरीला कुलूप. नवा पासपोर्ट मिळण्याआधी यजमान गेल्याची तार आली. तिकिटाचे पैसे लालबागच्या शेजारणीचे होते. खानावळीत पोळ्या लाटून इतकी वर्षं थोडे थोडे फेडत राहिले. आज शेवटचे द्यायला गेले, तर ती रडायलाच लागली, “अगो, तू गेलीच नाहीस, कसले पैसे घेऊ?” मी ते तिच्या मुठीत ठेवले. सगळे फिटले.