हातावरचं नाव आणि मशेरीची डबी

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या स्किन क्लिनिकात फॉर्म भरणाऱ्या पोरीने विचारलं, "आंटी, सिगरेट, बीडी कुछ?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मैं तेरे को वैसी दिखती है क्या?" तिने मुकाट्याने 'नाही'वर खूण केली.

मला उजव्या हातावरचं नवऱ्याचं नाव काढायचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेत हौसेने गोंदवून घेतलेलं, चांगलं चार बोटं लांब. तो दुसरीबरोबर निघून गेला त्याला सहा वर्षं झाली. नाव मात्र राहिलं. मी कंपनीत पॅकिंगला आहे. नवी पोरगी बाजूला बसली की दुसऱ्या दिवशी विचारणारच, "ताई, हे कोण?" मग सगळं पुराण पहिल्यापासून. वीट आला होता मला त्या प्रश्नाचा.

लेझर झालं. खपली दहा-पंधरा दिवसांत पडेल म्हणाले होते. महिना झाला तरी जखम ओलीच, कडेने काळी पडलेली. बेलवलीच्या घरात एकटीने डाव्या हाताने पट्टी बांधायची, एक टोक दातात धरून. रडू यायचं. दुखायचं म्हणून नाही, ते टोक धरायला घरात कोणी नव्हतं म्हणून.

परत गेले तर डॉक्टरीणबाईंनी आधी हात पाहिला, मग माझे दात.

"मशेरी लावता?"

"दात घासते हो."

"दिवसातून किती वेळा घासता?"

मी मनात मोजलं. पाच-सहा वेळा तर सहज.

"तंबाखूच ती," त्या म्हणाल्या. "धूर ओढा नाहीतर हिरड्यांना चोळा, निकोटिन रक्तात जातंच. बारीक शिरा आवळतात, जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही. सिगरेट ओढणाऱ्यांचंही हेच होतं. आधी ही बंद करा, मग पुढचं सिटिंग."

नवऱ्याच्या बिडीवरून मी जन्मभर भांडले. जेवण झालं की त्याला गॅलरीत हाकलायची. तो बाहेरून हसायचा, "तुझ्या डबीत काय गुलाबपाणी आहे?" मी म्हणायची, माझ्यात धूर आहे का धूर? म्हणजे मेला खरं बोलत होता. ही गंमत ज्याला सांगून हसावं असं जगात एकच माणूस, आणि त्याचंच नाव खरवडायला मी इथे बसले होते.

डबी कचऱ्यात टाकली. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. सकाळी चहाआधी दारात बसून मशेरी लावायची, ती वेळ रिकामी पडली. हात आपोआप डबीच्या फळीकडे जायचा. चिडायला कोणी नाही म्हणून भांड्यांवर राग काढला. पण पुढच्या सिटिंगची जखम शहाण्यासारखी भरली, त्यापुढचीही. आता हात स्वच्छ आहे. निरखून बघितलं तर थोडी फिकट जागा दिसते, एवढंच.

परवा नवी पोरगी माझ्या बाजूला बसली. मी बाही मुद्दाम वर सरकवून ठेवली. दिवसभर ती खोके चिकटवत राहिली. दुसऱ्या दिवशीही. जेवणाच्या सुट्टीत डबा उचलून पलीकडच्या पोरींत गेली. मला विचारण्यासारखं तिला काही दिसलंच नाही.