मालकाच्या नावाने बांधावर

हे माझ्या मुलीलाही ठाऊक नाही. पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि लिहिताना मन हलकं वगैरे काही होत नाहीये. रोह्यात मी शाळेत शिकवलं आणि नोकरीभर माहेरच्या शेतीच्या गप्पा ऐटीत सांगत आले. त्या खोट्या होत्या. कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं — पण कशासाठी मुरडायचं, ते आधी नीट ऐका.

माझं माहेर मूळचं कासूच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला; वडील माझ्या जन्माआधीच गाव सोडून रोह्याला आलेले. तिथे भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं आणि जमीन नासते. म्हणून रिवाजच होता — बांधाच्या आत ज्याचं शेत, त्याच्या घरचा एक माणूस खांड बुजवायला आलाच पाहिजे. घराघराचं नाव पुकारायचं, माणसाने 'हाय' म्हणायचं. वडील सांगायचे, आजोबा एकही खांड चुकले नाहीत, कमरेइतक्या चिखलात उभे राहून माती लोटायचे. मग मी काय समजणार? आजोबा बांधावर, म्हणजे आजोबांचं शेत बांधाच्या आत! ते शेत गेलं कुठे, असं विचारलं की वडील हसायचे, खाडीने नेलं म्हणायचे. मी ते खरं मानलं. आणि पुढे — खरं सांगू? — त्यात भरही घातली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत ते शेत दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं.

निवृत्त झाल्यावर ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून मी जनाआत्याकडे गेले. जनाआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. माहेरचं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिने मला बांधावर नेलं. यातलं आपलं कुठलं, मी विचारलं. तिला हसू आवरेना.

"आपलं? आपलं कायपण नाय गो. बाबा मालकांकडं गडी व्हते. मालक सोता चिखलात उतरतील व्हय? मालकांच्या घराचं नाव पुकारायचे, नि बाबा 'हाय' म्हणायचे."

मग तिने हात लांब करून सगळी शेतं दाखवली. त्या सगळ्यांत तिने माझ्या आजीबरोबर लावणी केली होती. हे ती अभिमानाने सांगत होती, आणि तो अभिमान मला दिसला होता. तेही लिहून ठेवते — म्हणजे मला कळलंच नव्हतं, अशी पळवाट राहायला नको.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लेकीच्या लग्नाची बोलणी करायला पेणची मंडळी आमच्याकडे आली. जमीनजुमला असलेलं जुनं घर, आता सगळे प्राध्यापक आणि डॉक्टर. लेक पुण्याला नोकरीवर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पाहुण्यांसमोर मी एकटीच. आमच्या शेतीचा विषय निघाला — मीच काढला — आणि दार वाजलं. दारात जनाआत्या. नातीचं जमतंय असं ऐकून कडव्या वालांची पिशवी घेऊन आलेली. अंगावर गावाकडचं आडवं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पायांवर वाटेची धूळ.

होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलं, "ह्या कोण?"

किती साधा प्रश्न! उत्तरही तितकंच साधं — माझी आत्या. मी म्हणाले, "आमच्या शेतावर कामाला असायच्या."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून पाहुण्यांना म्हणाली, "व्हय. यांच्याकडंच व्हते मी." आणि उभीच राहिली. मी तिला बस म्हटलं नाही. कामाची बाई पाहुण्यांच्या बरोबरीने कशी बसणार? विहीणबाईंनी चहाचा रिकामा कप सहज तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, बाकीचे गोळा केले, आत नेले, धुतले. नळाचं पाणी मला बाहेर ऐकू येत होतं, आणि मी आमच्या शेताबद्दल बोलत होते.

कशाची भीती होती मला? लग्न मोडण्याची? छे! ती माणसं तशी वाईट नाहीत. कदाचित तिच्या पायाही पडली असती. मला मालकीण व्हायचं होतं. तासाभरासाठी का होईना, झाले.

तर आता ऐका. माझे आजोबा गडी होते. माझी आजी आणि आत्या दुसऱ्यांच्या शेतात ओणव्याने लावणी करायच्या. मोठमोठ्या घरांनी जो भात खाल्ला, तो असल्या माणसांनी खाडीच्या तोंडातून काढलेला. यात लपवण्यासारखं काय आहे? यापुढे मी हे कुणाच्याही दिवाणखान्यात, न विचारता सांगणार आहे. लेकीला आधी, मग व्याह्यांना. त्यांना काय वाटेल, ते त्यांचं त्यांनी पाहावं. माझ्या माणसांच्या कष्टांत लाजेचं काही नाही. लाज आहे ती माझ्या करणीची, आणि ती मी त्यांच्या गरिबीवर ढकलणार नाही.

कारण गोष्ट त्या कपांवर संपली नाही. लग्न रोह्यातच झालं. आत्याला आमंत्रण होतं — नाही कसं करणार? ती आली, नवं लुगडं नेसून. हॉलमध्ये व्याह्यांची मंडळी दिसली तशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी मागल्या बाजूला जाते गो. वलकतील मना." मी तिला थांबवलं नाही. खोटं बोलले मी, आणि सांभाळत होती ती. लेक शालू सावरत मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आत्याआजी कुठे आहे, मला तिच्या पाया पडायचंय. तिला बरं नाही, मी सांगितलं, ती आलेली नाही.

आत्या हॉलच्या मागे, नव्या लुगड्याचा पदर खोचून, पंगतीची भांडी घासत होती. मला माहीत होतं. लेकीची पाठवणी होईपर्यंत मी त्या दाराकडे फिरकले नाही.