एका खाटेवरचे दोन वीर

भोसरीच्या वर्कशॉपात लेथ चालवणारा ज्योतीराम लातूरकडचा गडी. त्याची दिवसपाळी. त्याच्याच खोलीत, त्याच्याच खाटेवर दिवसा झोपायचा साताऱ्याचा सयाजी, रातपाळीवाला. खाट कधी गार व्हायची नाही, पण दोघांत बोलणं बंद! का? तर चित्रकथेतला वीजधारी भारी की काळी घार, यावरून. हसता काय? झेंड्याच्या रंगावरून माणसं बोलणं टाकतात, ते बरं चालतं तुम्हाला!

ज्योतीराम वीजधारीशिवाय दुसऱ्या पुस्तकाला शिवायचा नाही. तिथंच फसला. काळी घार वीजधारीला साखळदंडात बांधून समुद्रात ढकलते, श्वास संपत येतो, आणि खाली बारीक अक्षरात: ‘पुढे काय झाले? वाचा काळी घारच्या अंकात.’

“मेला का वाचला ते दुसऱ्याच्या पुस्तकात? ही कुठली रीत?” शेजारच्या लेथवरून तो माझ्यावरच ओरडला, जणू छापखाना माझा.

काळी घारचा तो अंक त्याच्याच गादीखाली होता, सयाजीनं ठेवलेला. रोज हात जायचा, रोज मागे यायचा. चोरून वाचलं तर हरलो, म्हणायचा.

गुरुवारी, आमच्या सुट्टीला, मी युनियनच्या सभेचा निरोप घेऊन गेलो, तर दोघं खोलीत समोरासमोर. ज्योतीरामनं भिंतीकडे बघत विचारलं, “भाऊ, वीजधारी मेला का?”

सयाजी ताडकन उठला. “आरं, पयल्याच पानावर साखळ्या तोडून वर येतोय की! पण समुद्रात गेलाच कसा? बांधला कुणी? काय बी कळंना, म्हणून तर पुस्तक कस्तुराबाईच्या वाचनालयात परत दिलं न्हाई!”

“तोडल्या? साखळ्या तोडल्या?” ज्योतीराम खाटेवर उभाच राहिला. “बांधलं तुझ्याच घारीनं, लेका!”

“माझी घार? शक्यच न्हाई! ती तवा तुरुंगात व्हती. हे बघ!”

“मग हे कोण? हे बघ!”

दोन्ही अंक खाटेवर शेजारी-शेजारी उघडले. पानं मागं-पुढं होऊ लागली, दारात शेजारी जमले. घारीचा वेश घेतलेला कुणी बहुरूपी होता! सयाजीनं शेवटचं पान उलटलं. बहुरूपी मुखवट्याला हात घालतो, आणि खाली: ‘खरा चेहरा पाहा जलराजच्या अंकात.’

दोघांच्या तोंडून एकच शिवी निघाली, एकाच वेळी!

माझा निरोप तोंडातच राहिला. ज्योतीरामनं सायकल काढली, सयाजी उडी मारून कॅरिअरवर.

“हाण लेका, जोरात! कस्तुराबाई दुपारी वाचनालय बंद करती!”